माझ्यातली मेंढी

मी बोलतेय ती सावद्याच्या एका देवघरातून. मी देव नाही. फळीवर बाळकृष्णाच्या शेजारी, उदबत्तीच्या पुड्यामागे एक छोटी काचेची बाटली दिसते ना, बुचावर हळदीची बोटं उमटलेली, तिच्यातली मी पांढरी पूड. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'शुद्ध केळी'. या दोन शब्दांतला पहिला खोटा आहे आणि दुसरा अर्धा खरा.

माझी आई केळी. आजोळ इथलंच, सावद्याचं. दिल्लीच्या वॅगनमध्ये चढायला नालायक ठरलेल्या हिरव्या फण्या बांधाकडेला पडून असतात, त्यांच्यापासून माझं निम्मं अंग झालं. वडील म्हणजे मेंढी. मेंढी वडील कशी, असं विचारू नका. नात्याचा हा गोंधळ माझा नाही, रसायनशास्त्राचा आहे.

मला ज्याने घडवलं त्याचं नाव भाईदास. जळगावच्या एका खाजगी कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा आणि पिंप्राळ्यात भाड्याच्या खोलीत राहायचा. नोकरी तात्पुरती. जूनमध्ये नेमणुकीचा कागद मिळे, एप्रिलमध्ये मुक्ततेचा. मधल्या उन्हाळ्यात हा माणूस कॉलेजच्या लेखी अस्तित्वातच नसे. तरी तो रोज येऊन प्रयोगशाळेचं कुलूप उघडायचा आणि शिपायाला वाटायचं, सर घरात पंखा नाही म्हणून येतात.

तो काय करत होता ते मला सांगायलाच हवं, नाहीतर माझं दुःख तुम्हाला कळायचं नाही. शरीराला लागणारी पुष्कळ औषधं पाण्यात विरघळत नाहीत. तळाशी बसून राहतात, सरकारी बैठकीतल्या सभासदांसारखी. त्यांना रक्तातून हवं तिथे न्यायला कोणीतरी वाहक लागतो. त्यासाठी भाईदासने ठरवलं की केळीच्या पिठातल्या सत्त्वाला कोलेस्टेरॉल जोडायचं.

केळीचं सत्त्व म्हणजे साखरेच्या कड्यांची लांबच लांब साखळी. पॉलिमर म्हणतात तिला. तिला पाणी आवडतं. कोलेस्टेरॉलचा स्वभाव उलटा. त्याला तुपातेलाची संगत हवी, पाणी दिसलं की तोंड फिरवतं. हल्ली त्याचं नाव काढलं की डॉक्टर पेशंटची साय बंद करतात, पण ज्या शरीरात ते नाही असं शरीर त्यांनाही दाखवता येणार नाही. तर या दोघांमध्ये एका छोट्या आम्लाचा पूल बांधून भाईदासने त्यांची गाठ मारून दिली. दोन्ही घरच्यांचा विरोध असलेलं लग्न होतं ते. साखळीला ठरावीक अंतरावर एकेक कोलेस्टेरॉल लटकवलं, फार नाही. फार झालं तर पाण्यात जाणार नाही, कमी झालं तर काम होणार नाही.

मग मला पाण्यात सोडलं की गंमत होते. माझ्यातली केळी बाहेर पाण्याशी गप्पा मारत राहते. माझ्यातली मेंढी मात्र पाणी टाळून आत आत सरकते, आणि तिथे तिच्यासारख्या दुसऱ्या जणी अंग चोरून बसलेल्या असतात. मे महिन्याच्या दुपारी जळगावकर दारं लावून आतल्या खोलीत जमतात तसं. अशी एक इवलीशी गुंडाळी होते, आणि त्या आतल्या खोलीत पाण्याला भिणारं औषध सुखाने बसू शकतं. थोडक्यात, बाहेरची शोभा केळीची आणि आतलं काम मेंढीचं.

कोलेस्टेरॉल विकत मिळतं. पण कॉलेजच्या खरेदी समितीने विचारलं, की हृदयविकाराची वस्तू विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत कशाला? भाईदासने वाद घातला नाही. तो धुळ्याच्या गाडीत बसला आणि बापाकडे गेला.

त्याचे वडील लोटन आबा, ठेलारी मेंढपाळ. साक्रीकडे त्यांचा मेंढ्यांचा कळप होता. पाऊस संपला की कळप घेऊन बाहेर पडायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. मेंढीच्या लोकरीला एक चिकट मेण असतं, कातरणाऱ्याचे हात त्याने मऊ होतात. त्याच मेणात कोलेस्टेरॉल असतं. आबांनी न धुतलेल्या लोकरीचं पोतं भरून दिलं. भाईदासने ते एस.टी.च्या टपावर टाकलं आणि पुढे रिक्षातून, रिक्षावाल्याच्या शिव्या ऐकत, कॉलेजात आणलं.

त्यानंतर महिनाभर त्या मजल्यावरचे प्राध्यापक नाकाला रुमाल लावून शिकवत. लोकर धुवायची, मेण काढायचं, ते क्षारात आणि स्पिरिटमध्ये उकळायचं, नको ते टाकायचं, हवं ते पुन्हा पुन्हा गाळायचं. शेवटी चकचकीत पांढरे पापुद्रे आले. वास गेला होता. भाईदासने एक पापुद्रा तळहातावर घेतला आणि हुंगून पाहिला. वास गेल्याचं त्याला थोडं वाईटच वाटलं, असं मला वाटतं.

मी तयार झाले त्या दिवशी त्याने माझी परीक्षा घेतली. चहाच्या टपरीवरून चिमूटभर हळद आणली आणि स्पिरिटमध्ये तिचा अर्क काढला. हळदीचा पिवळा अर्क पाण्यात विरघळत नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. त्याने एका नळीत नुसतं केळीचं सत्त्व घेतलं, दुसरीत मला, आणि दोन्हींत तो अर्क घातला. पहिल्या नळीत हळद तळाशी जाऊन बसली. माझ्या नळीत पाणी पिवळंधमक झालं, पण आरपार दिसणारं. भाईदासने मला खिडकीतल्या उन्हात धरलं आणि म्हणाला, "आबाले दखाडनं पडी."

वडिलांना दाखवलं पाहिजे. पहिला विचार त्याला हा आला होता. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही त्याच्यावर फार रागवाल.

आबा पुढच्या खेपेला स्वतः पोतं घेऊन आले. लाल पागोटं, हातात काठी, पायताणं प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढलेली. त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली.

"यामा मन्ह्या मेंढ्या शेतस?"

"त्यासनामुळेच हळद वर राहस, आबा. त्या नही ते काहीच नही."

आबा हसले. "जित्ती मेंढीले कोनी इचारत नही. आनि तिना मळ दवाखानामा जाई ऱ्हायना."

मी तेव्हा फार खुशीत होते. मला वाटलं, आपल्याला घर मिळालं, नाव मिळालं, काम मिळालं. वस्तूंनी इतक्या लवकर खूश होऊ नये.

कॉलेज ज्या संस्थेचं, तिचे अध्यक्ष सावद्याचे जीवरामभाऊ, केळीचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नाही. फणी हातात घेऊन ती आतून किती तयार आहे हे सांगणारा. त्यांच्या कानावर एवढंच गेलं की आपल्या एका सरांनी केळीपासून औषधाच्या कामाचं काहीतरी काढलंय. त्यांना आकाश ठेंगणं झालं. ज्या केळीला भाव पडला की गुरांपुढे टाकावं लागतं, ती आता औषधात! त्यांनी सावद्याला आपल्या दारापुढे मंडप घातला, केळी बागायतदारांना बोलावलं, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं. आणि भाईदासला बाजूला घेऊन सांगितलं, "कार्यक्रम नीट होऊ द्या सर. येत्या सभेत तुमचं कायमचं करून टाकू."

एवढंच पणाला लागलं होतं. एप्रिलचा तो कागद पुन्हा कधीच येऊ नये, इतकंच. मोठी मागणी नव्हती. फक्त त्या दिवसापासून भाईदास माझ्याकडे पाहताना मला न पाहता मंडप पाहू लागला.

कार्यक्रमाला आबाही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बोलावलं नाही म्हणून बाप राहतो थोडाच. ते शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसले. मांडीवर एक नवी कोरी घोंगडी होती, आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीची, विणकराकडून मुद्दाम करून घेतलेली. मोठ्या माणसाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

भाईदासने हळदीचा खेळ करून दाखवला. एका पेल्यात हळद खाली बसली, दुसऱ्या पेल्यात मी ती धरून ठेवली. लोक उठून उठून पाहू लागले. टाळ्या झाल्या. जीवरामभाऊंनी पेला हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "पाहा, ही आपली केयी. आपल्या वावरातली." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मला त्यांचा राग तेव्हाही आला नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. आमच्या भागात केळीचं पीठ म्हणजे उपवासाचं पीठ. एकादशीला त्याची थालीपीठं, त्याच्या पुऱ्या. बायकांच्या बाजूने कोणीतरी कुजबुजलं असेल, किंवा त्यांच्याच मनात आलं असेल. पेला भाईदासच्या हातात परत देत ते कौतुकाने म्हणाले, "आणि सर, हे उपवासाला चालेल ना?"

मंडप थोडा हसला, पण उत्तराची वाट पाहत शांत झाला. मी भाईदासच्या हातात होते. समोर अध्यक्ष, त्यांच्या मागे संस्थेचे सभासद, आणि सगळ्यांच्या मागे लाल पागोटं. नुसतं 'लोकर' एवढा शब्द उच्चारायचा होता. पण त्याच्या डोक्यात लोकर आली नाही, मेंढी आली. मग मेंढीची चरबी आली. मग एकादशी, अध्यक्ष, आणि एप्रिल.

"चालेल," तो म्हणाला. "शुद्ध केळी आहे."

मी पाण्यात होते आणि पेल्यात हळद तशीच वर होती. माझ्यातली मेंढी ती धरून बसली होती. नुकतंच जिला नाकारलं होतं तीच सगळ्यांसमोर काम करत होती, आणि टाळ्या केळीला मिळत होत्या. मला जीभ असती तर मी ओरडले असते. जीभ नसल्यामुळे मी फक्त पिवळी दिसले.

जेवणाच्या पंगती उठल्यावर आबा मुलाजवळ आले. हळूच म्हणाले, "भाईदास, मेंढ्यासनं नाव नही लिधं?"

"नंतर सविस्तर सांगतो," भाईदास म्हणाला. बापाशी तो पहिल्यांदाच पुस्तकी मराठी बोलला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हातातल्या घोंगडीची घडी सारखी केली.

तेवढ्यात जीवरामभाऊ आले. आबांनी वाकून घोंगडी पुढे केली. भाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली, तिच्यावरून तळवा फिरवला आणि विचारलं, "सर, हे कोण?"

भाईदासचं तोंड उघडलं होतं. त्यातून काय निघालं असतं हे मला आजही माहीत नाही, कारण त्याच्या आधी आबाच बोलले. "मी सरना गावना शे, भाऊ. सरनं कवतिक दखाले उनू."

मुलाने मेंढी लपवली होती, म्हणून बापाने स्वतःला लपवलं. त्यांनी पायताणं घातली, काठी उचलली. "मी निंघस. धुळानी गाडी चुकी जाई." भाईदास त्यांना स्टँडपर्यंत पोचवायलाही गेला नाही. गावच्या माणसाला कोणी इतक्या लांब पोचवत नाही, हे त्याला आता सांभाळायचं होतं.

वर्तमानपत्रात 'उपवासाला चालणारं औषध' असा मथळा आला. ते वाचून पुण्याच्या एका प्रयोगशाळेने पत्र पाठवलं, की नमुना पाठवा, आम्ही खरं औषध भरून पाहतो; मात्र सोबत पदार्थात काय काय आहे ते लिहून द्या. जन्मभर मी ज्याची वाट पाहिली ते दार उघडलं होतं. फक्त उत्तर संस्थेमार्फत, अध्यक्षांच्या सहीने जायला हवं होतं. योग्य मार्गाने. या देशात कितीतरी चांगल्या गोष्टी योग्य मार्गावर मेल्या असतील.

ऑफिसातले कारकून तोताराम रोज विचारत. कारकुनाला टेबलावर पडून राहिलेल्या पत्राचा फार त्रास होतो. शेवटी ते प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "सर, घटक काय लिहू? केळी लिहून पुढे पूर्णविराम देऊ का?"

"राहू द्या," भाईदास म्हणाला.

खोटं लिहिलं असतं तर पुण्यात पकडलं गेलं असतं. खरं लिहिलं असतं तर सावद्यात. म्हणून त्याने काहीच लिहिलं नाही, आणि याला तो प्रामाणिकपणा समजला असावा.

लोकरीचं पोतं पुन्हा आलं नाही. त्याने मागितलं नाही, आबांनी पाठवलं नाही. पण जीवरामभाऊंनी कृषी प्रदर्शनात गाळा घेतला होता, आणि तिथे पिवळ्या पाण्याच्या बाटल्या मांडायच्या होत्या. मी तर जेमतेम एका बाटलीपुरती उरले होते. भाईदासने नुसतं केळीचं सत्त्व पाण्यात कालवलं, हळद घातली आणि बाटल्या भरल्या. तासाभरात सगळ्यांची हळद तळाशी. मग त्याने प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावली: 'वापरण्यापूर्वी हलवावे'. लोकांनी हलवलं, पाहिलं, कौतुक केलं आणि पुढच्या गाळ्यावर पंप बघायला गेले. वेगवेगळ्या बाटल्यांत तीच ती हळद बुडताना मी कपाटाच्या काचेतून पाहिली. त्या माझ्या आईकडच्या होत्या सगळ्या. मेंढीवाचून त्यांना काही पेलत नव्हतं, आणि त्यांचा त्यात दोष नव्हता.

सभेत ठराव झाला. भाईदास कायम झाला. पेढे आणि मला घेऊन तो सावद्याला आला.

जीवरामभाऊ पूजेला बसले होते. त्यांच्या खाली आसन म्हणून आबांची घोंगडी होती. भाईदास दारातच थबकला. त्याला ती दिसली, मलाही दिसली. भाऊ म्हणाले, "या सर. फार ऊबदार आहे हो, तुमच्या गावच्या माणसाने दिलेली. भेटले तर सांगा त्यांना."

"सांगतो," भाईदास म्हणाला.

आता त्याची नोकरी कोणी घेऊ शकत नव्हतं. एप्रिलचा कागद संपला होता. मी मनात म्हटलं, आता बोल. आता तर बोल. भाऊंनी मला हातात घेऊन विचारलं, "हे काय, नाव नाही घातलं यावर? इथं देवाजवळ ठेवू." सुनेने कागद आणि पेन आणून दिलं. भाईदासने स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'शुद्ध केळी'. मंडपात तो घाबरून खोटं बोलला होता, ते मी समजू शकले. ही चिठ्ठी त्याने न घाबरता लिहिली.

तेव्हापासून मी इथे आहे. दर एकादशीला मला हळदकुंकू लागतं. आणि इथेच मला ते ऐकावं लागलं, जे त्या दिवशी मंडपात कोणी बोललं असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

झालं असं की नव्या सुनेने सासूला, म्हणजे भाऊंच्या बायकोला, शेवंताबाईंना विचारलं, की आई, एकादशी आहे, ती घोंगडी देवघरात तशीच ठेवू की धुऊन? शेवंताबाई भगर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोकरीला कसला इटाळ बाई? माह्या सासूबाई सोवळ्यात लोकरीची धाबळीच नेसत. मेंढीचं देवाला बठ्ठं चालतं."

देवाला सगळं चालत होतं. शेवंताबाईंना चालत होतं. भाऊ तर त्यावर रोज बसत होते. चाललं नव्हतं ते फक्त मेंढपाळाच्या मुलाला. माझ्या वडिलांकडची मेंढी समोरच्या दाराने, मानाने या देवघरात आली आणि आसन होऊन बसली. मी, तिच्याच घरची, तिच्यापासून हातभर अंतरावर खोट्या नावाने उभी आहे.

गेल्या दिवाळीत भाईदास फराळाला आला होता. आता तो विभागप्रमुख आहे, पोट सुटलंय. बोलता बोलता भाऊंनी विचारलं, "ते तुमच्या गावचे, घोंगडीवाले, कसे आहेत?"

"गेले," भाईदास म्हणाला. "दसऱ्याच्या आधी."

"अरेरे." भाऊ भाईदासच्या डोक्यावरची टोपी पाहत राहिले. पूर्वी तो कधी टोपी घालत नसे. टोपीखाली कानाजवळ केस नुकते कुठे उगवत होते. फणी हातात न घेताही ती आतून कशी आहे हे भाऊंना कळतं. ते उठले, देवघरात गेले, घोंगडी उचलली, बैठकीत आणून अंथरली आणि हलकेच म्हणाले, "बसा सर. यावर बसा."

भाईदास बसला नाही. शेजारी फरशीवर बसला, आणि घोंगडीची एक दशी बोटाला गुंडाळत, सोडत राहिला. फराळाचं ताट तसंच राहिलं. जाताना त्याने देवघराकडे, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता येईल, चिठ्ठी नखाने खरवडेल. तो टोपी सारखी करून निघून गेला.

मी आता म्हातारी होत चाललेय. देवघरातल्या ओलसर हवेने बूच सैल झालंय, आणि केळी-मेंढीमधला तो आम्लाचा पूल ओल सोसत नाही. एकेक करून पूल तुटताहेत. सगळे तुटले की मला कितीही हलवा, मीही प्रदर्शनातल्या त्या बाटल्यांसारखीच होईन. केळी एकीकडे, मेंढी दुसरीकडे, मध्ये कोणी नाही.

तोवर माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी दर्शनाला आलात, तर ती चिठ्ठी काढा. दुसरी लावायची नसेल तर लावू नका, पण ही काढा. मला औषध वाहायला मिळालं नाही, तो हिशेब मी सोडून दिलाय. पण ज्याने मेंढ्यांना नाव मागितलं तो माणूस उत्तर न मिळताच गेला, हे काही मला सुटत नाही.

आणि माझ्यावर विश्वास नसेल तर बाटली उजेडात धरून पाहा. सैल बुचातून पूजेच्या पाण्याचे काही थेंब आत गेलेत, त्यांच्याबरोबर हळदही, आणि त्यांत मीही थोडी विरघळलेय. बुचाच्या खाली काचेला एक पिवळा थेंब चिकटलेला दिसेल. कितीतरी दिवस झाले, त्यातली हळद खाली बसलेली नाही.